इंडोअर सॉकर लीगचा अख्खा सीझन आतून कसा असतो? एका फिजिओचं उत्तर

प्रश्न कोल्हापूरच्या एका मुलाचा आहे. तो आणि त्याचे मित्र रात्री टर्फ बुक करून सिक्स-अ-साइड खेळतात आणि अमेरिकेतल्या मेजर अरेना सॉकर लीगच्या, म्हणजे एमएएसएलच्या मॅचेस यूट्यूबवर बघतात. त्याचं म्हणणं असं की ताई, ह्यांच्या सीझनला प्रत्येक टीमच्या २४ मॅचेस, आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, २०२४-२५ ला पण लीगच्या २४ च होत्या, वर इथे मैदान एवढंसं, ऊन नाही पाऊस नाही, मग मार्च येईपर्यंत अर्ध्या टीमच्या पायाला पट्ट्या का दिसतात? आणि आपल्यातला कोणी तिथे टिकेल का?

मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, मूळची मिरजेची, बरीच वर्षं अमेरिकेत आहे आणि त्यातले बरेच हिवाळे ह्या लीगमधल्या एका क्लबच्या बेंचवर काढलेत. क्लबचं आणि खेळाडूंचं नाव घेणार नाही, कारण दुखण्याखुपण्याविषयी बोलायचंय आणि ते त्यांचं खासगी आहे. बाकी सगळं मोकळेपणाने सांगते, जरा लांबेल.

आधी थेट उत्तर. खेळ फुटबॉलचा आहे पण सीझन आइस हॉकीचा आहे. जागा हॉकीची, बदलीची पद्धत हॉकीची, पेनल्टी बॉक्स, म्हणजे शिक्षा झालेल्या खेळाडूने बसायची जागा, हॉकीचा, वेळापत्रकही हिवाळ्याचं. त्यामुळे कोण किती पळतो ह्यापेक्षा कोण वेळेत बाहेर येतो ह्यावर इथे सीझन ठरतो. मला विचारशील तर बाहेर यायची अक्कल हेच ह्या लीगमधलं सगळ्यात अवघड स्किल, आणि आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या पोरांना नेमकं तेच जड जातं, कारण लहानपणापासून डोक्यात भरवलेलं असतं की काही झालं तरी मैदान सोडायचं नाही.

आता हे असं का, ते समजून घ्यायला मैदान डोळ्यासमोर आण. साधारण २०० फूट बाय ८५ फूट, म्हणजे हॉकीची रिंक, बर्फाचं मैदान, जशीच्या तशी, तिच्यावर टर्फचे रोल अंथरलेले, कडेने बोर्ड आणि बोर्डाच्या वर प्लेक्सीग्लास, गोलची चौकट भिंतीतच बसवलेली. गोलकीपर धरून सहा-सहा जण, १५ मिनिटांचे चार क्वार्टर, बदल कितीही करा आणि खेळ चालू असतानाच करा. बॉल भिंतीला लागला की बाहेर जात नाही, परत येतो. मोठ्या मैदानावर थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर ह्या सगळ्यात खेळाडूला नकळत दहा-पंधरा सेकंदांचा श्वास मिळत असतो आणि त्या श्वासावर तो ९० मिनिटं काढतो, इथे तो श्वासच काढून घेतलाय. मागे वळ, पुढे पळ, भिंतीवरून उलटा आलेला बॉल घे, लगेच अडव, परत वळ. सरळ रेषेत लांब धावणं जवळजवळ नाहीच, सगळं म्हणजे ब्रेक मारणं आणि पुन्हा सुटणं. वर नियम असा की बॉल कोणाला न लागता हवेतून तीन रेषा ओलांडून पुढे टाकता येत नाही, म्हणजे दमलास आणि लांब भिरकावून दिलास असंही चालत नाही, बॉल पायाने खेळतच बाहेर काढायचा.

म्हणून खेळाडू आत जातो तो मिनिट-दीड मिनिटासाठी, फार तर दोन. ह्याला शिफ्ट म्हणतात. कबड्डीतला रेडर कसा, त्याला माहीत असतं की आपल्याकडे मोजके सेकंद आहेत, सगळा जोर तेवढ्यातच लावायचा आणि दम संपायच्या आत लाइनवर परत यायचं, इथे तेच. फरक इतकाच की रेडरला घड्याळ परत बोलावतं, इथे स्वतःहून परत यावं लागतं. आणि तिथेच गडबड होते. दीड मिनिट झालं, पाय भरलेत, पण समोर बॉल आलाय, गोल दिसतोय, माणूस म्हणतो एवढा एक अटॅक करतो आणि जातो. तो अटॅक फसतो, समोरचे ताजे पाच जण उलटे येतात, आणि ह्याला आता मागे पळायचं असतं संपलेल्या पायांवर. मी हाताळलेल्या ग्रोइनच्या म्हणजे जांघेच्या आणि हॅमस्ट्रिंगच्या म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती आठवल्या तर कितीतरी ह्याच लांबलेल्या वीस-तीस सेकंदांतल्या आहेत. भिंतीवर आपटून नाही, टॅकलने नाही, एकटाच वळताना.

बेंचवर बसून मी काय बघते ते सांगते. लोक बॉल बघतात, मी बोर्ड बघते. पहिल्या क्वार्टरला खेळाडू बाहेर येताना बोर्डावर एक हात टेकवतो आणि उडी मारून अलीकडे येतो. तिसऱ्या क्वार्टरला तोच माणूस दोन्ही हात टेकवून पोट घासत येतो. चौथ्या क्वार्टरला तो सरळ दाराकडे जातो आणि कोणीतरी दार उघडायची वाट बघतो. ज्या दिवशी एखादा दुसऱ्याच क्वार्टरला दार शोधायला लागतो त्या दिवशी मी कोचच्या कानाशी जाऊन सांगते की ह्याची पोटरी भरलीय, ह्याला पुढच्या दोन शिफ्ट बसव. हे कुठल्याही जीपीएस जॅकेटच्या आकड्याआधी कळतं. कोच ऐकतो का, तर डिसेंबरमध्ये ऐकतो. मार्चमध्ये, प्लेऑफची म्हणजे बाद फेरीची जागा अडकलेली असताना, त्याला पटवायला लागतं, आणि तो भांडणाचा भाग माझ्या कामाचाच आहे असं मी धरून चालते.

आता सीझन सुरुवातीपासून घेऊ. नोव्हेंबरच्या आसपास कॅम्प लागतो, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरमध्ये मॅचेस सुरू, एप्रिलच्या सुरुवातीला नियमित सीझन संपतो आणि मग प्लेऑफ. कॅम्पला येणारे दोन जातीचे असतात. एक जुने इंडोअरवाले, तिशी ओलांडलेले, आउटडोअर खेळायचं सोडलेले, त्यांना भिंतीचा प्रत्येक कोपरा पाठ असतो, बॉल काचेवर कुठे लागला की कुठे येणार हे न बघता सांगतात. दुसरे आउटडोअरचे, उन्हाळाभर खेळून आलेले, फिट दिसणारे, आणि पहिल्या दहा दिवसांत हेच माझ्याकडे जास्त येतात. कारण लांब धावायचा दम असणं वेगळं आणि दर चार सेकंदांनी थांबून सुटायची ताकद असणं वेगळं. मांडीच्या आतल्या बाजूचे ॲडक्टर हे स्नायू मोठ्या मैदानावर एवढे कामाला लागतच नाहीत. म्हणून माझ्याकडे कॅम्पचा पहिला आठवडा बॉलपेक्षा ॲडक्टरचाच असतो, एकमेकांच्या गुडघ्यात मूठ धरून दाबायचा व्यायाम, बाजूला पडून पाय बाकावर ठेवून कंबर उचलायची ती कोपनहेगन प्लँक, पोरं वैतागतात, पण जानेवारीत तीच येऊन सांगतात की बरं केलंत.

डिसेंबर तसा मजेत जातो. पाय ताजे, सगळ्यांना वाटतं आपणच चॅम्पियन. ह्या महिन्यातली माझी मुख्य डोकेदुखी म्हणजे टर्फ. बऱ्याच अरेना हॉकी टीमबरोबर वाटून घेतलेल्या असतात, मिलवॉकी वेव्ह ज्या पँथर अरेनात खेळते तिथेच ॲडमिरल्स ही हॉकी टीम खेळते, युटिका सिटीचं घर म्हणजे युटिका कॉमेट्सची हॉकी रिंक. बर्फ काढत नाहीत, त्याच्यावर कव्हर टाकतात आणि कव्हरवर टर्फ. म्हणजे तुझ्या बुटाखाली काही इंचांवर बर्फ असतो. बेंचवर बसलेल्याचे पाय गार पडतात, आणि दीड मिनिट पेटलेला स्नायू तीन मिनिटं गारठ्यात बसून पुन्हा एकदम फुल स्पीडला जातो. आमच्या बेंचखाली मी पातळ फोमच्या पट्ट्या टाकून घेतल्या आणि बसलेल्या खेळाडूंनी मांडीवर ब्लँकेट घ्यायचं असा नियमच केला, दिसायला कसं का दिसेना. आणि घसरलं की टर्फ कातडी सोलतं. फुटबॉलमध्ये स्लाइड मारली तर गवत लागतं, इथे कोपरापासून मनगटापर्यंत किंवा मांडीची बाजू तळहाताएवढी सोलून निघते, रात्री चादर चिकटते, सकाळी ओढून काढली की पुन्हा रक्त. ही जखम छोटी वाटते म्हणून पोरं धुवायला आळस करतात आणि आठवड्याने ती चिघळते. माझ्याकडे नियम एकच, मॅच संपली की आंघोळीच्या आधी माझ्याकडे, साबण-पाण्याने धुणार, ओलावा धरून ठेवणारं ड्रेसिंग लावणार, मग घरी. खपली धरू द्यायचीच नाही, कारण पुढची मॅच दोन दिवसांवर असते आणि खपली पुन्हा तिथेच फुटते.

जानेवारीपासून खरा सीझन. २४ मॅचेस वर्षभरात पसरलेल्या असत्या तर काहीच नव्हतं. पण अरेना भाड्याची, हॉकी, बास्केटबॉल, कन्सर्ट ह्यातून उरलेल्या तारखा आपल्या, आणि प्रेक्षक येतात ते शुक्रवार, शनिवार, रविवार. त्यामुळे दौऱ्यावर गेलं की एका वीकेंडला दोन मॅचेस, कधी लागोपाठच्या दिवशी, वेगवेगळ्या शहरांत. नकाशा बघ म्हणजे कळेल, एका टोकाला वॉशिंग्टन राज्यातली टॅकोमा स्टार्स, दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क राज्यातली युटिका आणि इकडे बाल्टिमोर ब्लास्ट, खाली सॅन डिएगो सॉकर्स, आणि २०२४-२५ पर्यंत सीमा ओलांडून मेक्सिकोतली चिवावा सॅव्हेज. ह्या लीगमध्ये चार्टर विमान वगैरे काही नसतं. साधं इकॉनॉमी तिकीट, पहाटेची फ्लाइट, मधे एक बदल, मधल्या सीटवर सहा फुटी गोलकीपर गुडघे मोडून बसलेला. विमानात मी दर तासाला पॅसेजमधून फेरी मारून प्रत्येकाला उठवते, झोपलेला असला तरी. आदल्या रात्री मॅच खेळलेली पोटरी चार तास दुमडून ठेवली की दुसऱ्या दिवशीच्या वॉर्म-अपला ती दगड असते.

चिवावाचं तर वेगळंच. ते शहर सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपलं महाबळेश्वर धर. तेवढ्या उंचीवर श्वासात फरक पडतो, फार नाही, पण शिफ्टच्या शेवटच्या वीस सेकंदांत नक्की पडतो. तिथे आम्ही शिफ्टच छोट्या करायचो, दीड मिनिटाच्या जागी एक मिनिट. आणि ती टीम मुळात चांगली होती हे विसरू नको, २०२२-२३ आणि २०२३-२४ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी लीग जिंकली, ती नुसत्या उंचीच्या जोरावर नाही. त्यांचे बदल बघ कधीतरी, बॉल समोरच्या कोपऱ्यात अडकला रे अडकला की पाचच्या पाच जण बदललेले असतात, आपल्याला कळतही नाही.

हा बदल नेमका कधी करायचा ह्याचं एक शास्त्रच आहे. आपल्या टीमकडे बॉल आहे आणि तो पुढच्या भागात आहे तेव्हा बदला. बॉल आपल्या हाफमध्ये असताना कधीच नाही. बेंचपासून लांब असलेला माणूस शेवटी. बाहेर येणाऱ्याने बोर्डाला हात लावण्याआधीच बदली खेळाडूने मैदानात उडी मारली तर जास्तीचा खेळाडू म्हणून ब्लू कार्ड. ब्लू कार्ड म्हणजे दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, आणि टीम तेवढा वेळ एक माणूस कमी. मग चौघांनी चौकोन धरून पाच जणांना थोपवायचं, समोरच्यांनी गोल मारला की सुटका. ही दोन मिनिटं मी अक्षरशः श्वास रोखून बघते, कारण त्या चौघांच्या शिफ्ट हमखास लांबतात, बाहेर यायला संधीच मिळत नाही, आणि असं कार्ड क्वार्टरमध्ये दोनदा झालं की त्याची किंमत आम्ही पुढच्या दिवशीच्या मॅचला मोजतो. प्रेक्षक म्हणतात वा, ती दोन मिनिटं निभावून नेली. मी तेव्हा आइस बॅग मोजत असते.

आणखी एक गोष्ट जी यूट्यूबवर दिसत नाही. ह्यातल्या बहुतेक खेळाडूंचं पोट ह्या लीगवर भरत नाही. काँट्रॅक्ट सीझनपुरतं, महिने मोजून. मग दिवसा कोणी शाळेच्या पोरांना कोचिंग करतो, कोणी गोडाऊनला, कोणी ऑफिसात, संध्याकाळी प्रॅक्टिस. फिजिओ म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रिकव्हरीचे सगळे सल्ले गृहीत धरतात की खेळाडूला दुपारी झोप मिळते. आमच्या एकाला मी रविवारी रात्री सांगितलं उद्या पाय वर करून पड, तर सोमवारी सकाळी सहाला तो आठ वर्षांच्या मुलांबरोबर मैदानात उभा होता, त्याला दुसरा पर्यायच नव्हता. मग मी त्याचा प्लॅन त्याप्रमाणे केला, उभं राहायचंच आहे तर कॉम्प्रेशन स्टॉकिंग घालून राहा, शॉट मारून दाखवू नकोस, हाताने बॉल टाक. जे जमणार नाही ते सांगण्यात अर्थ नसतो. आणि मला मनापासून वाटतं की ह्या खेळाडूंना मिळतो त्यापेक्षा कितीतरी जास्त मान मिळायला हवा. हिवाळ्यात, मंगळवारी रात्री, दिवसभराचं काम करून आलेला माणूस भिंतीवर छाती आपटून बॉल काढतो आणि लगेच उठून उलटा पळतो, हे रोज जवळून बघितल्यावर दुसरं काही वाटूच शकत नाही.

मुळात ही सगळी कल्पना कुठून आली तेही थोडक्यात सांगते, कारण शरीराचा प्रश्न तेव्हाही हाच होता आणि जास्त बिकट होता. अर्ल फोरमन आणि एड टेपर ह्या दोघांनी मेजर इंडोअर सॉकर लीग काढली, पहिली मॅच २२ डिसेंबर १९७८ ला न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ कोलिसियममध्ये, न्यूयॉर्क ॲरोज विरुद्ध सिनसिनाटी किड्स. पहिल्या सीझनला सहा टीम आणि प्रत्येकी २४ मॅचेस, म्हणजे आजच्याएवढ्याच. पहिली चारही विजेतेपदं ॲरोजची, आणि त्यांचा स्टीव्ह झुंगुल, युगोस्लाव्हियाच्या हायदुक स्प्लिट क्लबमधून आलेला. क्लबची परवानगी न घेता आल्यामुळे फिफाने त्याला आउटडोअर खेळू दिलं नाही, ही लीग फिफाच्या बाहेर होती म्हणून इथे खेळला, आणि १९८०-८१ ला ४० मॅचेसमध्ये १०८ गोल. हा आकडा मी अजूनही दोनदा वाचते.

लीग लोकप्रिय झाली तशा मॅचेस वाढत गेल्या आणि १९८६-८७ ला ५२ वर पोचल्या. ५२! नोव्हेंबरला सुरू झालेला सीझन जूनच्या २० तारखेला संपला. मधेच न्यूयॉर्क एक्सप्रेस ही टीम बंद पडली, सीझन अर्धा टाकून. त्या वर्षीची फायनल डॅलस साइडकिक्स आणि टॅकोमा स्टार्स ह्यांच्यात, सात मॅचेसची सिरीज, आणि सातही झाल्या. सातवी टॅकोमा डोममध्ये, २१,७२८ प्रेक्षक. टॅकोमाकडे तेव्हा झुंगुल होता, प्रेकी हा दुसरा नावाजलेला खेळाडू होता, घरचं मैदान होतं. डॅलस शेवटच्या मिनिटांपर्यंत मागे होती, बरोबरी साधली, आणि ओव्हरटाइमला मार्क कार्पनने गोल मारून ४-३ ने जिंकली. डॅलसचा ब्राझिलियन टाटू, गोल मारला की अंगातली जर्सी काढून प्रेक्षकांत फेकायचा तो, त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लोक ह्या मॅचची आठवण काढतात ती त्या शेवटच्या गोलासाठी. मला त्यात वेगळं दिसतं, ५२ मॅचेस आणि एवढी लांबलेली प्लेऑफ खेळून सातव्या मॅचच्या ओव्हरटाइमला पळू शकणारे पाय शिल्लक ठेवणं, त्या काळात, आजची रिकव्हरीची साधनं नसताना. गॉर्डन जागो हा त्यांचा कोच, आणि बेंच वापरल्याशिवाय ते शक्यच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सॅन डिएगो सॉकर्सने कोच रॉन न्यूमनच्या हाताखाली त्या दशकात विजेतेपदांचा ढीग लावला त्याचं कारण पण मी हेच सांगेन, नावं मोठी होतीच, पण बाकावरून येणारी तिसरी लाइन, म्हणजे एकत्र आत-बाहेर होणारा तिसरा गटही तेवढाच खमका होता. ती लीग १९९२ च्या उन्हाळ्यात बंद पडली, पैशाने. नंतर एक लीग गेली दुसरी आली असं होत होत २०१४ ला आजची एमएएसएल उभी राहिली. मधल्या सगळ्या पडझडीत मिलवॉकी वेव्ह मात्र १९८४ पासून टिकून आहे, त्याचं मला फार कौतुक आहे.

फेब्रुवारी-मार्चकडे परत येऊ. हा काळ टीम आतून बदलायचा. ज्यांना शिफ्टची शिस्त नाही ते एव्हाना माझ्या टेबलावर असतात. ज्यांना आहे ते दिसायला चमकदार नसतात पण रोज उपलब्ध असतात, आणि मार्चमध्ये उपलब्ध असणं हीच सगळ्यात मोठी गुणवत्ता. ह्या काळात मी प्रॅक्टिस कमी करायला लावते. आठवड्यात एकच जोराचं सेशन, बाकी सेट पीस, पॉवर प्लेची, म्हणजे समोरच्यांचा एक माणूस कमी असतानाची रचना, भिंतीवरचे पास, म्हणजे डोकं चालेल पाय नाही. शेवटच्या मिनिटांत मागे असलेली टीम गोलकीपर काढून सहावा अटॅकर आणते, म्हणजे एक मैदानी खेळाडू कीपरची जर्सी घालून येतो, हेही ह्याच दिवसांत घोटून घेतात, आणि त्या सहाव्याची निवड करताना मला विचारतात, कारण गोल रिकामा टाकून पुढे आलेल्या माणसाला बॉल गेला तर २०० फूट उलटं पळायचं असतं. सगळ्यात कौशल्यवान माणूस तिथे ठेवावा असं वाटतं. मी म्हणते त्या मिनिटाला ज्याचे पाय सगळ्यात कमी वापरलेत तो ठेवा.

प्लेऑफची एक गंमतशीर पण क्रूर पद्धत इथे वापरली गेलीय. दोन मॅचेसची सिरीज, १-१ झाली की दुसरी मॅच संपल्यावर त्याच रात्री, थोडी विश्रांती घेऊन, १५ मिनिटांची नॉकआउट मिनी-गेम. म्हणजे दुसरी मॅच तू जिंकलास, नाचलास, आणि अजून सीझन वाचलेलाच नाही. त्या मधल्या काही मिनिटांत ड्रेसिंग रूममध्ये काय होतं सांगू? कोच फळ्यावर काहीतरी काढत असतो, कोणी बघत नसतं. मी जमिनीवर गुडघे टेकून एकामागून एक पोटऱ्या सोडवत असते, एका हाताने मीठ-पाण्याची बाटली पुढे करत असते, आणि टेप कापायला वेळ नसतो म्हणून दाताने फाडते. त्या १५ मिनिटांत जी टीम आधीच्या ६० मिनिटांत १५-१६ जण वापरून आलीय आणि जी आठ-नऊ जणांवर आलीय, ह्यांच्यातला फरक स्टँडमधल्या लहान मुलालाही कळतो. सगळे सीझन असे पूर्ण होतातच असंही नाही, २०१९-२० चा सीझन मार्चमध्ये करोनाने जिथल्या तिथे थांबला आणि त्या वर्षी चॅम्पियन कोणीच झालं नाही. चार महिने ज्यासाठी शरीर राखलं ते एका दिवसात संपलं, पोरं बॅगा भरून दुसऱ्या नोकरीवर.

आता तुझा शेवटचा प्रश्न, आपल्यातला कोणी टिकेल का. आधी एक गोंधळ काढून टाक, हे फुटसाल नाही. फुटसाल साधारण ४० मीटर बाय २० मीटरच्या कोर्टवर, भिंत नाही, बॉल छोटा आणि कमी उसळणारा, पाच-पाच जण, आणि ते फिफाचं आहे. २०१६ ला आपल्याकडे प्रीमियर फुटसाल झाली होती, रोनाल्डिन्हो गोव्याकडून, रायन गिग्ज मुंबईकडून, मुंबईने ती जिंकली, ते सगळं दहा-एक दिवसांत उरकलं होतं. बॉलवरचं काम फुटसालने सुधारतं, अरुंद जागेत निर्णय घेता येतात, ते इथे शंभर टक्के उपयोगी. पण भिंतीचा खेळ आणि शिफ्टचा सीझन त्यातून येत नाही. तुमचं रात्रीचं टर्फ उलट जास्त जवळचं आहे, जाळी असली तरी बॉल परत येतो.

कागदपत्रांचं खरं सांगते, ते अवघड आहे. खेळाडूच्या व्हिसासाठी क्लबला तुझ्यासाठी अर्ज करावा लागतो, तुझ्या खेळाची मोठी पातळी कागदावर दाखवावी लागते, आणि ज्या लीगमध्ये पगारच बेताचे तिथे क्लब स्थानिक किंवा ग्रीन कार्डवाला खेळाडू आधी बघतो. म्हणून थेट लीगचं स्वप्न बघून घरच्यांचे पैसे कुठल्या ट्रायल एजंटला देऊ नकोस, कृपा करून. जो रस्ता मी प्रत्यक्ष बघितलाय तो म्हणजे शिक्षणासाठी येणं, कॉलेजकडून खेळणं, हिवाळ्यात स्थानिक इंडोअर लीगमध्ये नाव करणं आणि मग ओपन ट्रायल. वेळ लागतो पण हातात डिग्री असते.

दम आणि धिटाई ह्यांची मला काळजीच नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असल्या मॅचचं प्रेशर ज्याने अनुभवलंय तो अमेरिकेतल्या चार-पाच हजार प्रेक्षकांना घाबरणार नाही. अनिकेत जाधव तुमच्याच कोल्हापूरचा, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, तेव्हा पातळीविषयीही शंका घ्यायचं कारण नाही. तयारी मात्र वेगळी लागेल आणि ती तुम्हाला आजपासून तुमच्या टर्फवर करता येईल. बारा जण जमवा, सहाच्या दोन टीम नको, चार जणांच्या तीन लाइन करा, दोन आत आणि एक बाहेर. बाहेरच्यांपैकी एकाच्या हातात मोबाइलचा टायमर. ७५ सेकंद झाले की आवाज द्यायचा, आणि बॉल आपल्या टीमकडे, समोरच्या हाफमध्ये आला की त्याच क्षणी लाइन बदलायची, बॉल पायात असलेल्याने पास देऊनच बाहेर यायचं. आवाजानंतर २० सेकंदांच्या वर जो आत राहिला त्याची पुढची शिफ्ट कट. पहिल्या आठवड्यात भांडणं होतील, तुमचा सगळ्यात भारी स्ट्रायकरच सगळ्यात जास्त वेळा कट होईल, होऊ दे. महिनाभर केलंत की स्कोअर काय झाला ते लिहू नका, शेवटच्या दहा मिनिटांत कोणी किती गोल खाल्ले ते लिहा. आणि आठवड्यातून तीनदा कोपनहेगन प्लँक, सुरुवातीला गुडघा बाकावर ठेवून, दोन्ही बाजूंनी पाच-पाच, दुखलं तर थांबायचं. जांघेत आत्ताच बारीक कळ येत असेल तर मात्र खेळणं चालू ठेवून व्यायाम करू नकोस, आधी जवळच्या फिजिओला दाखव, ती कळ दाबून खेळलेली पोरं मी आठ-आठ महिने बसलेली बघितलीत.